शाब्बास फक्त बैलाला

आमच्या घरात शाब्बास फक्त बैलाला म्हणत.

माणसाला म्हणायची पद्धतच नव्हती. माझे थोरले बंधू अण्णा संध्याकाळी औत सोडलं, की ढवळ्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "शाब्बास रे माज्या राजा!" त्याच औतामागे दिवसभर तंगड्या तोडलेला गडी शेजारी घाम पुसत उभा असे, त्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. (तो गडी बहुधा मी नसे. मी माळ्यावर असे. ते पुढे येईलच.) यात अण्णांचा काही दुष्टपणा नव्हता. आमच्या मुडबी गावाकडे रीतच तशी होती. पोराचं कौतुक केलं की त्याला नजर लागते, आणि नजर नाही लागली तर पोर डोक्यावर बसतं, अशी दोन्हीकडून पक्की व्यवस्था होती. तोंड भरून कौतुक करायचं ते दोनच वेळा: बैल विकायला काढला तर, नाहीतर पोरगी उजवायची असली तर. हा नियम मला लहानपणापासून पाठ होता. ऐन वेळी तो डोक्यातून निसटला आणि पुढचं सगळं झालं.

निजामी अंमलातली ही गोष्ट. अण्णांची लेक गोदी तेव्हा नऊ-दहा वर्षांची होती आणि गावातल्या शाळेत जायची. शाळा म्हणजे चावडीमागची एक खोली. शिकवणं उर्दूतून, आणि शिकवणारे एकटे हुसेनसाब मास्तर. घरात मराठी, बाजारात कानडी, शाळेत उर्दू, त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना तिन्ही भाषा येतात. गोदीलाही तिन्ही येत होत्या. ती तिन्हींत गप्प बसायची!

पाटीवर तिचा हात असा चाले, की मास्तर तिची पाटी बाकीच्या पोरांना दाखवत. पण उभं करून विचारलं, की तिचे ओठ नुसते हलायचे. आवाज येतोय का, हे बघायला मास्तर कानामागे हात धरून तिच्यापर्यंत चालत यायचे, तोवर तिचं उत्तर संपलेलं असायचं.

एका संध्याकाळी मास्तर घरी आले. घोंगड्यावर बसले, पाणी प्यायले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मास्तरांनी टोपी गुडघ्यावर ठेवली की बातमी वाईट असते, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

"अण्णासाब, बच्ची हुशार है," ते म्हणाले. "लेकिन आवाज निकलतीच नै. येळवस के बाद मोहतमीमसाब मदरसा देखने आरै. हर बच्चे कू खडा करके पूछते. ये चुप रही तो मैं क्या मूं दिखाऊं?"

(येळवस हा आमच्याकडचा रानातला सण, आणि मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारे मोठे साहेब. त्यांचं नाव काढलं तरी मास्तरांना घाम फुटायचा.)

अण्णांनी फार विचार केला नाही. "मंग कामून पाठवायची? येळवस हू द्या. येळवशीनंतर घरी बसंल. भाकरी थापायला आवाज लागत न्हाई."

गोदी दाराआड उभी होती. तिनं पाटी छातीशी अशी धरली होती, की जणू कुणी आत्ताच ती काढून घेणार आहे. ती काही बोलली नाही. बोलणार तरी कशी! पण तिचा चेहरा पाहून मला माझं लहानपण आठवलं. मीही लहानपणी असाच मुखदुर्बळ होतो. कल्याणीला (आता तिला बसवकल्याण म्हणतात) शिकायला ठेवलं, तिथून नापास होऊन परत आलो, आणि तेव्हापासून घरानं मला माळ्यावर बसवलं होतं. माळा म्हणजे जोंधळ्याच्या रानात चार लाकडांवर बांधलेलं मचाण. तिथं बसून गोफणीनं पाखरं हाकायची. घरात दुसऱ्या कशाला उपयोग नसलेल्या माणसाला आमच्याकडे हे काम देतात. मी एका जागी अडकलो, निदान या पोरीनं तरी अडकू नये, असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर पुष्कळ विचार केला. (विचार करताना माझे डोळे मिटतात. घरचे त्याला झोप म्हणतात.) थंडीचे दिवस होते. सकाळचं धुकं दुपारपर्यंत रानातून हलायचं नाही. कणसं नुकती भरायला लागलेली. वारा आला, की सगळं रान झोपेत कूस बदलावी तसं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर व्हायचं. लांब कुठंतरी मोट चालायची, तिचं कुरकुरणं ऐकता ऐकता मी कुठच्या कुठं पोचायचो. त्या धुक्यात मला एकदम उमगलं. बैलाला रोज शाब्बासकी मिळते, म्हणून बैल मान वर करून चालतो! गोदीला कधीच मिळाली नाही, म्हणून ती खाली मान घालून चालते! इतकी साधी गोष्ट जगात आजवर कुणाच्या लक्षात कशी आली नाही, याचं नवल करत मी संध्याकाळपर्यंत तिथंच पडून राहिलो.

घरी येताच मी वैनींना चुलीपाशी गाठलं.

"वैनी, उद्यापासनं गोदीनं काय बी केलं तरी शाब्बास म्हणायचं."

"काय बी?"

"काय बी."

"आन् दूध सांडलं तर?"

"तरी बी."

वैनींनी फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "भावजी, थंडीत बी ऊन लागतंय का वो माणसाला?"

पण वैनींना मनातून लेक शाळेत राहायला हवी होती. नवऱ्यापुढे त्या बोलल्या नाहीत, एवढंच. म्हणून त्या कबूल झाल्या. घरातल्या पोराटोरांनाही मी ताकीद दिली. अण्णांना मात्र यातलं काही सांगितलं नाही.

सकाळपासून सुरुवात झाली. गोदी उठली. "शाब्बास, उठलीस!" तोंड धुतलं. "शाब्बास, काय तोंड धुतलंस!" अंगणातून चालत गोठ्यापर्यंत गेली. "शाब्बास!" वैनींना या शब्दाची सवय नव्हती. त्यांच्या तोंडी तो आजवर एकाच सुरात आला होता, आणि ऐन वेळी तोच सूर लागला. गोदीच्या हातून खरोखरच दूध सांडलं आणि वैनी कडाडल्या, "शाब्बास!! शाब्बास, सांडलंस दूध? शाब्बास ग माझे बाई!" गोदी जी पळाली, ती शाळा बुडवून कडब्याच्या गंजीमागून दुपारीच बाहेर आली.

ती नेहमीसारखी माझी भाकरी घेऊन माळ्यावर आली. शाळा सुटली की ती यायची, भाकरी ठेवायची, माझ्या शेजारी पाय सोडून बसायची. कधी कधी अर्धवट डुलकीत मला वाटायचं, कुणीतरी पाखरांशी बोलतंय. मी ते स्वप्न समजून कूस बदलायचो. आज ती बसली आणि कुजबुजली,

"काका, मला काय झालंय?"

"काय झालंय म्हंजे?"

"सगळे गोड बोलायलेत. कमळाक्काची सासू मरायच्या आदी सगळे तिच्यासंगं असंच बोलत व्हते."

मी ताडकन उठून बसलो. "न्हाई ग येडे! तुला शाब्बास म्हणायलेत."

"पर मी कायबी केलं न्हाई. मंग शाब्बास कामून?"

"शाब्बास," मी म्हणालो, "चांगलं इचारलंस." तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला गोफण साफ करायची आठवण झाली.

शंका फक्त गोदीलाच आली होती, असं नाही. दोन दिवसांत शेजारची कमळाक्का वाटीभर पेज घेऊन आली आणि दारातूनच दबक्या आवाजात वैनींना म्हणाली, "कसं हाय लेकराचं? काल तुमच्या घरातनं 'किती चांगली ग आमची गोदी' आसं ऐकू आलं, तवाच मला धस्स झालं." वैनी नाही नाही म्हणत राहिल्या. त्या जितकं नाही म्हणत, तितके कमळाक्काचे डोळे भरून येत. पेज शेवटी मी प्यायलो.

शहाणा माणूस इथं थांबला असता. मी कल्याणीच्या बाजाराला गेलो.

माझा विचार असा: घरच्यांचं कौतुक पोरीला खोटं वाटतंय, तर ते बाहेरून फिरून तिच्या कानावर यावं. म्हणून आडत्याच्या ओट्यावर बसून मी येईल त्याला गोदीचं कौतुक सांगू लागलो. "आमची गोदी म्हंजे गोदीच! अक्षर बगा, काम बगा. कदी उलटून शब्द न्हाई." सांगता सांगता मला रंग चढला. समोर धान्याच्या पोत्यांवर ऊन पडलेलं, कबुतरं दाणे टिपतायत, आणि माझ्या डोळ्यांपुढं गोदी मोहतमीमसाहेबांसमोर उभी राहून घडाघडा बोलतेय! शेजारी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ शांतपणे ऐकत होते. त्यांनी विचारलं,

"लई बोलती का पोरगी?"

"छे! बोलतच न्हाई वो. तेच तर..."

"व्हय का?" त्यांचे डोळे चमकले. "कुणाची म्हणायची?"

मी अण्णांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. आणि आमच्याकडे येळवशीच्या आधी भेटेल त्याला म्हणतात तसं म्हणूनही टाकलं, "येळवशीला या आमच्या रानात!"

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्या मुलखात गाव ओस पडतं आणि सगळी माणसं रानात जेवायला जातात. कुणी कुणाच्याही रानात जावं, जेवायला बसावं, आणि कुणी कुणाला नाही म्हणू नये. त्यामुळे 'या' म्हणण्यात काहीच विशेष नव्हतं. विशेष होतं ते आधीच्या तासाभरात. बाजारात, परक्या माणसांपुढं, सख्खा काका पुतणीचं तोंड भरून कौतुक करतो, ते कशासाठी? घरातला बैल विकायचा असता तर गोष्ट वेगळी!

येळवशीला सकाळीच आम्ही गाडी जुंपून रानात गेलो. अण्णांनी माळ्याशेजारी कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप उभारली होती. कोप म्हणजे मधे एक मेढ रोवून भोवती कडब्याच्या भिंती केलेलं खोपट. आत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, मांडले होते. भज्जी म्हणजे सगळ्या शेंगाभाज्या एकत्र शिजवलेली भाजी, बाजरीचे उंडे, खीर आणि मोठं मडकं भरून आंबील. हुसेनसाब मास्तरही आले होते. आणि इतक्यात बांधावरून घुंगरांचा आवाज आला. मादन हिप्परगा गावची गाडी. आतून पांढऱ्या मिशा खाली उतरल्या.

"मी शिवण्णा," पाहुणे अण्णांना म्हणाले. "तुमच्या धाकट्यानं बाजारात पोरीचं सांगितलं. म्हटलं, येळवस बी हुईल आन् पोरगी बी बगून हुईल. आमचा धाकला आता लग्नाला आलाय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी पांडवांकडे पाहिलं.

पाहुण्याला नाही म्हणायची सोय नव्हती, आणि अण्णांच्या चेहऱ्यावरून त्यांना म्हणायचंही नव्हतं. वैनींनी मला गाडीआड गाठलं. "भावजी, शाळा ऱ्हायली बाजूला, तुमी तर लेकरू सासरी धाडायला निघालाव!" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

तरी माझी आशा सुटली नव्हती. जेवणाआधी आंबील शिंपडत रानाला फेरी घालतात. पुढचा शिंपडतो आणि मागचे ओरडतात, "वलगे वलगे, सालम पलगे!" याचा अर्थ आमच्याकडे कुणालाच माहीत नाही, पण आवाज शेजारच्या रानात पोचला पाहिजे, हे सगळ्यांना माहीत असतं. मी अण्णांना म्हणालो, "या वक्ती गोदीला पुढं हू द्या." मनात म्हटलं, एकदा का हिचा आवाज निघाला, की मास्तरांची काळजी मिटली आणि पाहुण्यांची हौसही.

गोदी पुढं झाली. सगळं रान गप्प. मास्तरांनी कानामागे हात धरला. गोदीचे ओठ हलले.

"म्हटलं का?" अण्णांनी विचारलं.

"म्हटलं," मी म्हणालो. "बहुतेक."

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली. शिवण्णा पाहुणे मात्र खुलले. "वा! पोरगी आसावी तर आशी. आमच्या घरात आदीच चार सुना, चौघी बी बोलत्यात. हिच्यासारखी दिवा घेऊन हुडकली तरी सापडायची न्हाई." जन्मात पहिल्यांदा कुणी परक्यानं गोदीचं खरंखुरं कौतुक केलं, आणि ते नेमकं ती बोलली नाही याबद्दल! गोदी माझ्या सदऱ्याचं टोक धरून उभी होती.

मग जेवणं झाली. येळवशीचं जेवण ज्यानं जेवलंय, त्याला पुढचं सांगायला नको. रात्रभर आंबलेली गार आंबील पोटात गेली, की माणसाचं जे होतं, त्याला झोप म्हणणं कमी आहे. पाहुणे आणि मास्तर कोपेत आडवे झाले, अण्णा गाडीखाली, बायका बाभळीच्या सावलीत. शेजारच्या रानांतूनही हळूहळू आवाज विरत गेले. अण्णांनी डोळे मिटता मिटता मला सांगितलं, "पाव्हण्याचे बैल नीट बांद. ती हीर हाय तिकडं."

रानाच्या पलीकडच्या अंगाला आमची विहीर होती. तिला कठडा नव्हता, आणि जोंधळा वाढला की ती दिसायची नाही. घरच्या बैलांना ती ठाऊक होती. पाहुण्यांच्या बैलांना कशी असणार?

मी तीन तांबे आंबील प्यायलो होतो. बैल नीट बांधले. समोर जे पहिलं लाकूड दिसलं, त्याला दोघांनाही घट्ट गाठ मारली आणि माळ्यावर चढलो. गोदी आधीच वर जाऊन बसली होती. तिनं मला विचारलं, "काका, मला खरंच हिप्परग्याला पाठवणार का?"

"न्हाई ग," मी म्हणालो. "मी हाय ना."

हे म्हणतानाच माझी पापणी खाली आली होती. मी गोफण तिच्या हातात दिली. "जरा येळ तू बग. सगळं रान तुज्यावर." एवढं बोललो आणि गेलो.

काय सुंदर स्वप्न पडलं! धुक्यातून मी ढवळ्यावर बसून चाललोय. जोंधळा दोन्ही बाजूंनी वाकून वाट देतोय. बांधाबांधावर माणसं उभी आहेत, मुडबीची, कल्याणीची, मोहतमीमसाहेबसुद्धा, आणि सगळी मला म्हणतायत, शाब्बास. कशाबद्दल, ते कुणी सांगत नाही, मीही विचारत नाही. अण्णा पुढं येतात. हात उचलतात. मी पाठ वाकवतो...

आणि माझ्या कानाशी आभाळ फाटलं!

"अण्णाऽऽऽ! बैल हिरीकडं चाललेत! उठाऽऽऽ!"

मी जिथं झोपलो होतो, तिथून सरळ खाली आलो. खाली सावलीला आंबिलीचं मडकं ठेवलेलं होतं. मडकं फुटलं, मी वाचलो.

झालं होतं असं. मी ज्या लाकडाला बैल बांधले, ते लाकूड म्हणजे कोपेची मेढ! आणि कोप कशाची? कडब्याची! बैलांनी आधी एक भिंत खाल्ली. मग दुसरी. आत पाहुणे आणि मास्तर घोरतायत आणि त्यांचं घर दोन्ही बाजूंनी चघळलं जातंय! तिसऱ्या भिंतीसाठी बैलांनी हिसका दिला, तशी मेढ उपटली, उरलेली कोप दोघांच्या अंगावर बसली, आणि मागं लाकूड खडखडतंय म्हणून बुजलेले बैल उभ्या जोंधळ्यात घुसले.

पेंढ्यांतून शिवण्णा पाहुणे बाहेर आले. समोर मी. डोक्यापासून पायापर्यंत पांढराफटक, आंबील ठिबकतेय, पायाशी चुना लावलेले पाच दगड विखुरलेले. पाहुण्यांनी आधी दगड मोजले आणि मग मला सहावा पांडव समजून हात जोडले.

पण वरून आवाज थांबला नव्हता. जोंधळा पुरुषभर उंच. खालच्या कुणालाच काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते एकट्या गोदीला. ती माळ्यावर उभी राहून, गोफण हवेत नाचवत ओरडत होती, "अण्णा, तिकडं न्हाई! डाव्या अंगाला! मास्तर, थांबा, तुमी हिरीत जायलाव! अण्णा, पळा, आणखी पळा, आता आडवं व्हा!" आणि अण्णा, ज्यांना गावात पाटलानं सांगितलेलं ऐकायची सवय नव्हती, ते पोरीच्या आवाजावर डावीकडं वळत होते, थांबत होते, पळत होते. शेजारच्या रानातली माणसं बांधावर उभी राहिली. मास्तर टोपी काखेत मारून जिथल्या तिथं खांब झाले.

विहिरीच्या काठापासून चार हातांवर अण्णांनी कासरा धरला. बैलांच्या तोंडात तेव्हाही कोप होती.

रान शांत झालं. एवढ्या आवाजानंतरची ती शांतता मला अजून आठवते. धुकं खाली उतरायला लागलं होतं आणि उधळलेली पाखरं परत कणसांवर बसत होती.

अण्णा धापा टाकत माळ्याखाली आले. गोदी उतरली आणि उतरताच पुन्हा पहिल्यासारखी गप्प झाली. ती मार खायच्या तयारीत उभी होती. बापावर ओरडली होती ना! लेकीशी असल्या वेळी काय बोलतात, हे अण्णांना कुणी शिकवलंच नव्हतं. शेवटी जे येत होतं तेच केलं. तिच्या पाठीवर, बैलाला मारतात तशी, दणकून थाप मारली.

"शाब्बास ग माज्या राजा!"

गोदी दोन पावलं पुढं गेली. मग वळली आणि, देवाशपथ सांगतो, स्पष्ट आवाजात विचारलं, "कामून?"

"कामून म्हंजे? दोन जीव वाचिवलेस."

गोदीनं बोटांवर दोन मोजले. "व्हय," ती म्हणाली. "मंग बरोबर हाय."

"आवाज है!" मास्तर जोंधळ्यातून बाहेर येत होते. "अल्ला, कैसी आवाज है! अण्णासाब, कल भेजो इसकू. मोहतमीमसाब बिदर में बैठे बैठे सुन लेते!"

शिवण्णा पाहुण्यांनी मिशांतला कडबा काढला. बैल वाचल्याबद्दल त्यांनी गोदीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग अण्णांना बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी सोन्यासारखी हाय. पर आमच्या घरात आदीच चौघी हायत वो. हा आवाज मावायचा न्हाई." अण्णांनी मान हलवली. वैनींनी पाहुण्यांच्या गाडीत इतकी भज्जी बांधून दिली, की त्यांच्या चार सुनांनाही पुरली असेल.

"शाळेत जा उद्या," अण्णा गोदीला म्हणाले. "घरी असली तर ढोरं बुजतील." त्यांच्या तोंडून यापेक्षा गोड बोलणं मी ऐकलेलं नाही.

मग ते माझ्याकडे वळले. मी आंबील पुसली. काही झालं तरी गोदीला माळ्यावर कुणी बसवलं? गोफण कुणी दिली? सगळं रान तुझ्यावर, असं कुणी म्हटलं? अण्णा दोन पावलं पुढं आले. हात उचलला. अगदी स्वप्नातल्यासारखा! मी डोळे मिटले आणि पाठ वाकवली.

हात माझ्या डोक्यावरून गेला. मागं ढवळ्या उभा होता. बिचारा आपल्या जागेवरून हलला नव्हता. "शाब्बास रे माज्या राजा," अण्णा त्याला म्हणाले. "तूच एक नीट बांदलेला."

(त्याला अण्णांनी बांधलं होतं.)

सगळे आवराआवरीला लागले. मी तसाच वाकलेला होतो. इतक्यात माझ्या पाठीवर एक छोटी थाप पडली.

"शाब्बास, काका."

मी वळून पाहिलं. गोदी. घरात एवढी माणसं, पण एका लेकरालाच माझं मोल कळलं! मी विचारलं, "कामून ग?"

"तुमी झोपलाव म्हणून."

तिचं म्हणणं अगदी खरं होतं. तेव्हापासून आमच्या घरातल्या प्रत्येक पोराला धीट करायचं काम मी अंगावर घेत आलो आहे. रोज दुपारी, जेवण झालं की.